उडत्या विमानात इंधनाची गडबड पायलट कशी ओळखतात: आधी बेरीज, मग स्विच

सेसना या छोट्या विमानावर फ्लाइंग शिकायला लागलेल्या पोरांना पहिल्या काही दिवसांतच एक काम लागतं. पंखावरचं झाकण उघडायचं, टाकीत मोजपट्टी बुडवायची, कुठपर्यंत ओली झाली ते बघायचं, मग पंखाखालच्या ड्रेनमधून थोडं इंधन छोट्या पारदर्शक कपात काढून उजेडाकडे धरायचं. इंधन निळसर दिसतं, आणि त्यात पाणी असेल तर तळाशी बिनरंगी थेंब वेगळा बसलेला दिसतो, अगदी मोत्यासारखा. कॉकपिटमध्ये मीटर असूनही हे रोज करायचं, कारण मीटर म्हणजे फक्त एक साक्षीदार आणि एका साक्षीवर निकाल द्यायचा नसतो.

एअरबस, बोईंगमध्ये टाकीत पट्टी बुडवणं ग्राउंडवाल्यांचं काम, पायलट वर स्क्रीनसमोर बसलेला असतो. पण सवय तीच लागते. जे नुकते सीपीएलच्या, म्हणजे व्यावसायिक पायलट परवान्याच्या, अभ्यासाला लागलेत किंवा सिम्युलेटरवर एअरबस ए३२० उडवतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. प्रत्येक विमानाची चेकलिस्ट वेगळी असते आणि शेवटचा शब्द तिचाच, इथे मी त्यामागचा विचार सांगतोय, कारण चेकलिस्ट पाठ असणारे पुष्कळ भेटतात पण ती कोणती उघडायची हे कळायलाच वेळ जातो आणि खरी गोची तिथेच होते.

आधी सिस्टीम, थोडक्यात. ए३२० मध्ये इंधन पंखांत आणि मधल्या टाकीत, सगळं मिळून १८-१९ टन. डाव्या पंखातलं डाव्या इंजिनाला, उजव्यातलं उजव्याला, प्रत्येक पंखाच्या टाकीत दोन-दोन पंप. मध्ये एक क्रॉसफीड व्हॉल्व्ह असतो जो एरवी बंद. सोसायटीच्या गच्चीवर दोन विंगच्या दोन टाक्या असतात आणि मधल्या पाइपवर एक चावी असते ना, तसंच. चावी उघडली की ए विंगच्या टाकीतलं पाणी बी विंगला जाऊ शकतं.

मोजायच्या पद्धती दोन, आणि पुढचं सगळं यावरच उभं आहे. टाकीत प्रोब असतात, ते आत्ता टाकीत किती किलो आहे ते सांगतात, याला फ्युएल ऑन बोर्ड म्हणतात. आणि इंजिनाकडे जाणाऱ्या लाइनवर फ्लो मीटर असतो, तो इंजिनाने आतापर्यंत किती किलो घेतलं ते जोडत जातो, हे फ्युएल यूज्ड. दोन्ही एकमेकांवर अवलंबून नाहीत. म्हणून दोघांची जबानी जुळते का हे बघायचं.

पहिली पायरी, जमिनीवरच

आधीच्या फ्लाइटचं उरलेलं किती, टँकरने किती लिटर भरलं, त्याला घनतेने गुणल्यावर किती किलो झाले, आणि मीटर काय म्हणतो. हे जुळल्याशिवाय दार बंद करायचं नाही. जेट इंधन एक लिटर म्हणजे साधारण ०.८ किलो.

२३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाच्या बोईंग ७६७ चं काय झालं ते एकदा कागदावर करून बघा, म्हणजे आयुष्यभर विसरणार नाही. मीटर बंद होते म्हणून पट्टीने मोजलं, टाकीत ७,६८२ लिटर निघाले. मॉन्ट्रियलहून एडमंटनला जायला हवे होते २२,३०० किलो. लिटरचे किलो करताना गुणलं १.७७ ने, पण तो आकडा पौंडांचा होता, म्हणजे उत्तर आलं १३,५९७ आणि सगळ्यांनी ते किलो समजलं. त्या हिशेबाने वर फक्त ४,९१७ लिटर भरले. खरं म्हणजे २०,००० लिटरच्या वर भरायला हवे होते. तो कंपनीच्या ताफ्यातला नवा, मेट्रिक मापाचा प्रकार होता आणि बाकीची विमानं पौंडात चालायची, म्हणून १.७७ हाच आकडा सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला.

पुढचा भाग जास्त शिकण्यासारखा आहे. क्रूने फ्लाइट कॉम्प्युटरला २२,३०० किलो सांगितले होते, म्हणून कॉम्प्युटर शेवटपर्यंत भरपूर इंधन दाखवत राहिला. त्याला जे सांगितलं त्यातून तो वजा करत होता, टाकीत त्याने डोकावलेलंच नव्हतं. ४१,००० फुटांवर डाव्या बाजूच्या इंधन पंपाची लो प्रेशरची वॉर्निंग आली, क्रूला वाटलं पंप गेला असेल. थोड्या वेळाने दुसरी आली, मग इंजिनं बंद. कॅप्टन बॉब पिअर्सन आणि फर्स्ट ऑफिसर मॉरिस क्विंटल यांनी ते विमान ग्लाइड करत गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं आणि ६९ पैकी एकाचाही जीव गेला नाही.

दुसरी पायरी, वर गेल्यावर दर अर्ध्या तासाला किंवा ठरलेल्या वेपॉइंटवर (मार्गावरच्या खुणेच्या बिंदूवर)

कागदावर तीन आकडे लिहायचे: वेळ, टाकीत किती, वापरलं किती. मग बेरीज. टाकीतलं अधिक वापरलेलं म्हणजे इंजिन सुरू करतानाचं इंधन यायलाच पाहिजे.

समजा मुंबईहून दिल्लीला निघालात, सुरुवातीला ८,६०० किलो होते. तासाभराने डाव्या इंजिनाने १,३८० घेतले, उजव्याने १,३७०, म्हणजे २,७५०. टाकीत ५,८५०. बेरीज ८,६००, छान. वीस मिनिटांनी वापरलेलं ३,५५० आणि टाकीत ४,६५०. बेरीज ८,२००. चारशे किलो कुठे गेले? इंजिनाने घेतले नाहीत, टाकीत नाहीत, म्हणजे बाहेर गेले किंवा दोनपैकी एक साक्षीदार खोटं बोलतोय. इथे कुठलाही लाल-पिवळा दिवा लागलेला नाही हं, फक्त पेन्सिलने कळलं. विमानाची वॉर्निंग खूप उशिरा येऊ शकते, उदाहरणार्थ ७३७ मध्ये दोन पंखांत ४५३ किलोचा फरक पडला की मगच इम्बॅलन्सचा इशारा येतो, आणि मेन टाकीत ९०७ किलोच्या खाली गेल्यावर लो चा.

थोडाफार फरक चालतो. बऱ्याच विमानांत एपीयूने, म्हणजे छोट्या सहायक इंजिनाने, खाल्लेलं इंधन इंजिनांच्या मीटरमध्ये धरलं जात नाही, प्रोबही अगदी तराजू नसतात. पण फरक वाढत चालला असेल तर ती दिशा महत्त्वाची. म्हणूनच एकदा बघून भागत नाही, लिहून ठेवावं लागतं, नाहीतर मागच्या वेळी किती होता हे कुणालाच आठवत नाही.

तिसरी पायरी, मेसेज आला तर

पहिलं काम स्विचकडे हात न नेणं. एकाने विमान उडवायचं, फक्त उडवायचं, रेडिओही शक्यतो त्याच्याकडे. दुसऱ्याने मेसेज मोठ्याने वाचायचा, स्क्रीनवर इंधनाचं पान उघडायचं आणि बेरीज करायची. दोघंही एकाच दिव्याकडे बघत बसले तर काय होतं ते २८ डिसेंबर १९७८ ला अमेरिकेत पोर्टलँडला दिसलं. युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-८ चं लँडिंग गिअर (चाकं) नीट लागलं का ही शंका होती, क्रू त्यातच तासभर घिरट्या घालत राहिला, फ्लाइट इंजिनिअर इंधन संपत आल्याचं सांगत होता पण ते ठामपणे कुणाच्या डोक्यात गेलं नाही. इंजिनं बंद पडली, दहा माणसं गेली. कॉकपिटमध्ये ज्युनिअरने स्पष्ट बोलावं आणि सिनिअरने ऐकावं याचं जे ट्रेनिंग आज सगळीकडे सक्तीचं आहे त्याला या अपघाताने मोठी चालना दिली. आपल्याकडे मोठ्यांसमोर बोलायचं नाही हा संस्कार पक्का असतो, म्हणून आपल्या पोरांना हे मी दोनदा सांगतो: आकडा दिसला की बोला, सर चिडले तरी बोला.

चौथी पायरी, इम्बॅलन्स: इथेच सगळ्यात जास्त फसगत होते

एका पंखात इंधन कमी, दुसऱ्यात जास्त. कारणं असू शकतात चार: एका बाजूचा पंप बंद आहे, क्रॉसफीड चुकून उघडा राहिलाय, मीटर बिघडलाय, किंवा गळती. पहिली तीन त्रासदायक आहेत, चौथी जीवघेणी. आणि इम्बॅलन्स घालवायचा नेहमीचा उपाय म्हणजे क्रॉसफीड उघडून भरलेल्या बाजूचं इंधन दोन्ही इंजिनांना देणं. गळती असेल तर याचा अर्थ फुटक्या माठात चांगल्या हंड्यातलं पाणी ओतणं.

२४ ऑगस्ट २००१, एअर ट्रान्सॅटचं ए३३०, टोरोंटोहून लिस्बनला, आत ३०६ माणसं. रात्रीची वेळ, खाली अटलांटिक. उजवं इंजिन काही दिवसांपूर्वी बदललेलं होतं आणि त्यात हायड्रॉलिकची नळी आणि इंधनाची नळी एकमेकींना घासतील असे न जुळणारे भाग बसले होते. घासून घासून इंधनाची नळी फाटली. पहिली खूण कुठे दिसली माहितीये? इंधनाच्या पानावर नाही. उजव्या इंजिनाचं ऑइल टेंपरेचर कमी आणि ऑइल प्रेशर जास्त दिसायला लागलं. गळतीमुळे हीट एक्स्चेंजरमधून, म्हणजे जिथे गरम ऑइल आपली उष्णता इंधनाला देतं तिथून, नेहमीपेक्षा खूप जास्त थंड इंधन वाहत होतं आणि ते ऑइलला गार करत होतं. हे आज वाचून लगेच पटतं, पण त्या क्षणी कॉकपिटमध्ये ते जोडणं फार अवघड होतं, आणि क्रूला वाटलं इंडिकेशनमध्ये काहीतरी गडबड आहे.

अर्ध्या तासाने इम्बॅलन्सचा मेसेज आला. कॅप्टन रॉबर्ट पिशे आणि फर्स्ट ऑफिसर डर्क दे यागर यांनी चेकलिस्ट न काढता आठवणीने क्रॉसफीड उघडला. त्या चेकलिस्टमध्ये लिहिलेलं होतं की गळतीची शंका असेल तर आधी गळतीची प्रक्रिया करा. डाव्या बाजूचं चांगलं इंधन उजवीकडून समुद्रात जायला लागलं. इंधन भराभर उतरतंय हे दिसत होतं, पण एवढं इंधन असं जाईलच कसं म्हणून कॉम्प्युटरवर संशय गेला. त्यांनी केबिन क्रूला खिडकीतून बघायला सांगितलं, अंधारात काही दिसलं नाही. मग आधी उजवं इंजिन बंद, तेरा मिनिटांनी डावं. साधारण ६५ सागरी मैल, एकोणीस मिनिटं, ते विमान इंजिनाशिवाय तरंगत अझोर्स बेटांवरच्या लाजेस तळावर आलं आणि सगळे जिवंत उतरले. असं विमान हाताळणं सोपं नाही, त्या कौशल्याला मनापासून सलाम. पण शिकायचं ते त्याआधीच्या तासातलं: बेरीज केली असती तर ती घटत होती, आणि घटणारी बेरीज कॉम्प्युटरच्या चुकीपेक्षा गळतीच जास्त वेळा असते.

म्हणून नियम असा धरा. इम्बॅलन्स दिसला की आधी बेरीज, बेरीज जुळली आणि दोन्ही इंजिनांचा फ्लोही सारखा असेल तरच क्रॉसफीड. नाहीतर तो बंदच ठेवायचा आणि गळतीची चेकलिस्ट काढायची.

पाचवी पायरी, गळती आहे तर कुठून

इथे फ्लो मीटरची जागा कामी येते. एका इंजिनाचा फ्युएल फ्लो दुसऱ्यापेक्षा खूप जास्त दिसतोय पण थ्रस्ट, म्हणजे इंजिनाचा रेटा, तेवढाच, तर इंधन मीटरच्या पुढे, म्हणजे इंजिनाजवळ सांडतंय. त्यात बेरीज जुळलेलीच दिसेल, कारण सांडलेलंही मीटरने मोजलंय, म्हणून फक्त बेरजेवर विसंबू नका, दोन इंजिनांचा फ्लो शेजारी शेजारी बघा. फ्लो सारखा पण बेरीज घटतेय, तर गळती मीटरच्या अलीकडे, टाकीतून किंवा मधल्या लाइनमधून. केबिन क्रूला पंखाच्या मागच्या कडेकडे बघायला सांगायचं, दिवसा पांढरट फवारा मागे ओढल्यासारखा दिसतो. केबिनमध्ये इंधनाचा वास येतोय का हेही विचारायचं.

इंजिनाकडून आहे हे नक्की झालं तर ते इंजिन बंद करावं लागतं. चालतं इंजिन स्वतःच्या हाताने बंद करायला मन धजावत नाही, पण त्यानेच गळती थांबते आणि उरलेलं इंधन दुसऱ्याला वापरता येतं. टाकीतून असेल किंवा जागा सापडतच नसेल तर क्रॉसफीड बंद ठेवून जवळच्या विमानतळावर.

पंपाचा दिवा

यात फार नाही. एक पंप गेला तर दुसरा पुरतो. एका टाकीचे दोन्ही गेले तर इंजिन गुरुत्वाकर्षणाने इंधन ओढतं, पण जास्त उंचीवर इंधनात विरघळलेली हवा बुडबुडे होऊन बाहेर येते म्हणून खाली उतरावं लागतं. मात्र पंपाचा मेसेज आला की पहिली नजर टाकीतल्या किलोंकडे गेली पाहिजे. पंप खरंच बिघडतो तसा टाकी रिकामी झाली तरी तोच दिवा लागतो, गिमलीला तेच झालं.

दोन्ही इंजिनं एकदम कुरकुरली तर

एक इंजिन त्रास देतंय तर दोष त्या इंजिनात शोधा, दोन्ही देतायत तर दोघांत जे समान आहे तिकडे बघा, आणि समान असतं ते इंधन. १३ एप्रिल २०१० ला कॅथे पॅसिफिकचं ए३३० सुराबायाहून हाँगकाँगला निघालं तेव्हा थ्रस्टचे आकडे किंचित हलत होते. दोन्ही इंजिनांवर. क्रूने कंपनीच्या मेंटेनन्सशी बोलून प्रवास चालू ठेवला. पुढे उतरायच्या वेळी एक इंजिन जवळपास ७० टक्क्यांवर अडकलं आणि दुसरं जेमतेम आयडलला, म्हणजे अगदी मंद गतीला. विमानतळावरच्या इंधन लाइनच्या कामात खारं पाणी शिरलं होतं, त्यामुळे फिल्टरमधल्या पाणी शोषणाऱ्या पदार्थाचे बारीक गोळे इंधनात आले आणि इंजिनाच्या कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये अडकले. २३१ नॉट्सच्या वेगाने ते विमान जमिनीला लागलं आणि तरी थांबलं.

दुसरा समान शत्रू थंडी. जेट ए-१ उणे ४७ अंशांना गोठायला लागतं, आणि टाकीतलं तापमान त्याच्या तीन अंश वर ठेवायचं. जवळ येऊ लागलं तर खाली उतरा किंवा वेग वाढवा, हवेच्या घर्षणाने पंख थोडे तापतात. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचं सॅन फ्रान्सिस्को-बेंगळुरू विमान उत्तर ध्रुवावरून आलं, अशा मार्गावर हे तापमान क्रू सतत बघत असतो. पण इंधन न गोठताही त्यातलं पाणी गोठतं. १७ जानेवारी २००८, ब्रिटिश एअरवेजचं ७७७ बीजिंगहून हीथ्रोला येत होतं, इंधन वाटेत उणे ३४ पर्यंत गेलेलं, म्हणजे मर्यादेत. साधारण ७०० फुटांवर थ्रस्ट मागितला आणि दोन्ही इंजिनांनी दिला नाही. नळ्यांत साचलेला बर्फ सुटून हीट एक्स्चेंजरच्या तोंडावर बसला होता. तेवढ्या उंचीवर निदान करायला वेळच नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या एका ७७७ चं एक इंजिन अमेरिकेवर उंचावर असताना असंच मंदावलं, तेव्हा थ्रॉटल आयडलला आणल्यावर बर्फ वितळला आणि इंजिन परत आलं. थ्रस्ट मिळत नाही म्हणून लिव्हर पुढे ढकलावासा वाटतो, पण उपाय मागे ओढण्यात होता.

मीटरच खोटा असेल तर

असंही होतं. ६ ऑगस्ट २००५ ला बारीहून जर्बाला जाणारं ट्युनइंटरचं एटीआर ७२ सिसिलीजवळ समुद्रात पडलं, १६ जण गेले. आदल्या दिवशी त्यात एटीआर ४२ चा इंधन मीटर बसवला होता, टाक्या कोरड्या होताना तो भरपूर इंधन दाखवत होता. म्हणजे जास्त दाखवणारा मीटर कमी दाखवणाऱ्यापेक्षा धोकादायक, कारण चांगली बातमी आपण तपासत नाही. मागच्या फ्लाइटनंतर उरलेलं आणि भरलेलं यांची बेरीज इथेही ओरडून सांगत होती की काहीतरी जुळत नाही. आणि दोन आकड्यांत मतभेद असेल तर, जोपर्यंत पक्कं होत नाही तोपर्यंत कमी असलेला आकडा खरा धरून निर्णय घ्या.

आता बोला, आणि ठरलेल्या शब्दांत बोला

मिनिमम फ्युएल म्हणजे आता जास्त उशीर चालणार नाही एवढी सूचना, त्याने प्राधान्य मिळत नाही. उतरेपर्यंत शेवटच्या राखीव इंधनाला, जेटसाठी ३० मिनिटांच्या, हात लागणार असेल तर मेडे मेडे मेडे फ्युएल अशी इमर्जन्सीची हाक. २५ जानेवारी १९९० ला एव्हियान्का ५२ न्यूयॉर्कजवळ तासाहून जास्त होल्डिंगमध्ये, म्हणजे उतरायच्या परवानगीची वाट बघत घिरट्यांत, फिरलं, इंधन संपतंय असं क्रू म्हणाला पण इमर्जन्सी हा शब्द कुणी उच्चारला नाही, ७३ जण गेले. जुलैमध्ये मुंबईवर पाऊस कोसळत असतो, विमानं पालघरपासून घिरट्या घालत असतात, तेव्हा अहमदाबाद, नागपूर की हैदराबादकडे वळायचं हा निर्णय किती किलोंवर घ्यायचा तो आकडा होल्डिंगमध्ये शिरायच्या आधी कागदावर लिहिलेला हवा. गळती असेल तर तो आकडा दर काही मिनिटांनी नव्याने काढायचा, सांडण्याचा वेग धरून.

उतरताना आणि उतरल्यावर

गळती असेल तर एटीसीला, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाला, आधीच सांगून फायरच्या गाड्या रनवेजवळ मागवायच्या, रिव्हर्सर (इंजिनाचा रेटा उलटा फिरवून वेग कमी करणारे) वापरायचे नाहीत, कारण सांडणारं इंधन गरम भागांकडे उडतं. २७ जून २०१६ ला सिंगापूर एअरलाइन्सचं ७७७ मिलानला जाताना उजव्या इंजिनाचं ऑइल कमी दिसलं म्हणून परत फिरलं. वाटेत इंधनाच्या दोन हिशेबांत फरक असल्याचा मेसेजही आला होता, पण क्रूने आपला हिशेब करून तो ग्राह्य धरला नाही. हीट एक्स्चेंजरमधून इंधन ऑइलमध्ये शिरत होतं. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर चाकं टेकल्यावर उजव्या पंखाला आग लागली, फायरवाले तयार होते म्हणून २४१ च्या २४१ सुखरूप उतरले.

विमान थांबलं, माणसं उतरली की टेक लॉग, म्हणजे विमानातल्या बिघाडांची नोंदवही, उघडायचा आणि नुसतं फ्युएल प्रॉब्लेम असं लिहून मोकळं व्हायचं नाही. किती वाजता, कोणत्या उंचीवर, टाकीत किती, वापरलं किती, दोन्ही इंजिनांचा फ्लो, ऑइल टेंपरेचर, काय बंद केलं आणि त्यानंतर काय बदललं. रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन इंजिनाचं कव्हर उघडणाऱ्या इंजिनिअरच्या हातात तेवढेच आकडे असतात.